सुबाथूच्या शेलमधलं क्रोमियम आलं कुठून? एका प्रकरणाचा अभ्यास

कालका-शिमला लाईनवरून कधी गेला असाल तर सोलनच्या अलीकडे डोंगर कापून जिथे रूळ टाकलेत तिथे हिरवट, करडे आणि मधेच लालभडक असे पातळ पातळ थर दिसतात. तो सगळा हिमालयाच्या पायथ्याचा जुना गाळ आहे. ब्रिटिशांनी तिथे छावण्या वसवल्या, सुबाथू, डगशई आणि कसौली, आणि पुढे खडकांच्या तीन फॉर्मेशन्सनाही (म्हणजे थरांच्या गटांनाही) हीच नावं मिळाली. खाली सुबाथू, त्यावर डगशई, त्यावर कसौली. सुबाथू समुद्रातली आहे, तिच्यात न्यूम्युलाइट्सचे (नाण्यासारख्या कवचांच्या समुद्री जीवांचे) चुनखडक आणि भरपूर शेल, म्हणजे चिखल दबून झालेला पातळ थरांचा खडक, वय साधारण पॅलिओसीनच्या शेवटापासून मध्य इओसीनपर्यंत, म्हणजे ५.७ कोटी ते ४.१ कोटी वर्षांच्या आसपास. डगशई नदीची, लाल मडस्टोन (हाही चिखलाचाच खडक, पण पातळ थर न सुटणारा) आणि वाळूचा खडक, मधे मधे जुन्या मातीतले चुन्याचे गोळे. कसौली परत करडी, वाळूचा खडक जास्त, पानांचे ठसे सापडतात.

प्रश्न असा की हा गाळ आला कुठून, आणि तो आला तेव्हा हिमालय नेमका कुठवर उभा राहिला होता. शेलकडे यासाठी जायचं कारण सोपं आहे. वाळूच्या खडकात कण डोळ्यांनी (म्हणजे मायक्रोस्कोपखाली) ओळखता येतात हे खरं, पण वाळू निवडक असते, वाटेत मऊ कण झिजून जातात. चिखल मात्र अख्ख्या पाणलोटातून येतो, नदीत मिसळतो, समुद्रात अजून मिसळतो आणि मग बसतो, त्यामुळे एका मूठभर शेलमधे मोठ्या प्रदेशाची सरासरी बसलेली असते. थोरियम, स्कँडियम, लँथनम, क्रोमियम हे असे घटक आहेत की ते पाण्यात फारसे विरघळत नाहीत, मूळ खडकातून जे निघालं ते बऱ्यापैकी तसंच चिखलात उतरतं. म्हणून शेलचं रसायन वाचायचं.

सुबाथूच्या शेलमधे वाचल्यावर जे उठून दिसतं ते म्हणजे क्रोमियम आणि निकेल. डगशईत हे दोन्ही खाली येतात. यानी नजमन आणि एदुआर्दो गार्झांती यांनी २००० साली या थरांवर जे काम छापलं त्यात हाच मुद्दा होता, की सुबाथूत सिंधू सांध्याकडचं, म्हणजे भारत आणि आशिया जिथे शिवले गेले त्या पट्ट्यातलं ओफिओलाइट आणि ज्वालामुखी कमानीचं (म्हणजे ज्वालामुखींच्या रांगेचं) साहित्य उतरलंय, आणि डगशईत ते मागे पडून रूपांतरित (उष्णता आणि दाबाने बदललेल्या) खडकांचं साहित्य पुढे आलंय. ओफिओलाइट म्हणजे समुद्रतळाचा तुकडा, त्याखालच्या मँटलच्या, म्हणजे कवचाखालच्या जाड थराच्या, पेरिडोटाइट खडकासकट, जमिनीवर चढलेला. झंस्करमधलं स्पोंगतांग हे त्यातलं नावाजलेलं.

निष्कर्ष पटण्यासारखा आहे. पण मला इथे थांबून जरा उलटतपासणी करायची आहे, कारण "क्रोमियम जास्त म्हणजे ओफिओलाइट" हे वाक्य एमएस्सीच्या डिझर्टेशनमधे इतक्या सहज लिहिलं जातं की त्यामागे किती पायऱ्या आहेत ते कुणी सांगतच नाही. आणि आपण महाराष्ट्रातली मंडळी तर बसाल्टवरच भूशास्त्र शिकतो, त्यामुळे पहिला प्रश्न आपल्या मनात हाच यायला हवा, की अहो बसाल्टमधेही क्रोमियम असतंच की, मग दख्खनचा बसाल्ट का नाही? दख्खनचे लाव्हा ६.६ कोटी वर्षांच्या सुमाराचे, सुबाथू त्यानंतरची, आणि तेव्हा हा समुद्र भारताच्या उत्तर काठावरच होता. बरं दख्खन नको तर पंजाल ट्रॅप आहेत, काश्मीर-झंस्करकडचे पर्मियन काळातले बसाल्ट, ते तर अजून जवळचे. तेव्हा वेळ आणि जागा या दोन्ही बाजूंनी प्रश्न गैर नाही.

आता हे आकड्यांनी सोडवता येतं, आणि वहीच्या पाठच्या पानावर सोडवता येतं. सरासरी शेल म्हणून जगभर जो धरतात तो ऑस्ट्रेलियाचा पोस्ट-आर्कियन शेल, टेलर आणि मॅक्लेनन यांनी १९८५ मधे दिलेला, त्यात क्रोमियम ११० पीपीएम (दहा लाखांत ११० भाग), निकेल ५५ पीपीएम, टायटॅनियम ऑक्साइड साधारण १ टक्का, स्कँडियम १६ पीपीएम. मँटलच्या हार्झबर्गाइटमधे (हा पेरिडोटाइटचाच एक प्रकार) ढोबळ मानाने क्रोमियम २५०० आणि निकेल २२०० पीपीएम धरा, टायटॅनियम जवळपास शून्य. आता ९५ टक्के साधा चिखल आणि फक्त ५ टक्के हार्झबर्गाइट मिसळलं तर काय होईल? क्रोमियम जातं २३० च्या आसपास, निकेल १६० च्या आसपास, टायटॅनियम जवळजवळ होतं तिथेच. ५ टक्क्यांत क्रोमियम दुप्पट आणि निकेल तिप्पट. म्हणजे पाणलोटात ओफिओलाइट किती लहानसा असला तरी तो बोलतो.

तेच दख्खनसारख्या बसाल्टने करून बघा. बसाल्टचं क्रोमियम १५०, निकेल ९०, टायटॅनियम ऑक्साइड अडीच टक्के, स्कँडियम ३३ धरू (प्रवाहागणिक हे बरंच बदलतं, काही प्रवाहांत क्रोमियम चांगलंच जास्त असतं, पण हिशोबाला चालेल). चिखलात ३० टक्के बसाल्ट घातला, ३० टक्के म्हणजे काही थोडं नाही, तरी क्रोमियम पोचतं १२२ वर आणि निकेल ६५ वर. म्हणजे हललंच नाही जवळपास. त्याऐवजी टायटॅनियम दीड टक्क्याकडे जातं आणि स्कँडियम २१ वर, तिकडे फरक लगेच दिसतो. हा हिशोब एकदा हाताने केला की गोष्ट कायमची डोक्यात बसते: बसाल्टची खूण टायटॅनियम, स्कँडियम, व्हॅनेडियममधे शोधायची आणि मँटलची खूण क्रोमियम-निकेलमधे. आणि हेही कळतं की थोरियम भागिले स्कँडियम हे सगळ्यांचं लाडकं गुणोत्तर पेरिडोटाइट पकडायला फारसं उपयोगाचं नाही, कारण पेरिडोटाइटमधे स्कँडियमच कमी असतं. तिथे क्रोमियम भागिले थोरियम बघायचं.

गार्व्हर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मधे शेलसाठी जो नियम मांडला तोही याच हिशोबातून समजून घेता येतो: क्रोमियम १५० पीपीएमच्या वर, निकेल १०० च्या वर, आणि दोघांचं गुणोत्तर १.३ ते १.५ च्या दरम्यान असेल तर अल्ट्रामॅफिक, म्हणजे पेरिडोटाइटसारख्या, खडकाचा थेट हातभार समजायचा. गुणोत्तर २ च्या वर गेलं तर मॅफिक (बसाल्टसारख्या) ज्वालामुखीकडे किंवा वाटेतल्या निवडीकडे बघायचं. वर ५ टक्के हार्झबर्गाइटच्या मिश्रणाचं गुणोत्तर काढा, १.४ येतं. नियम आभाळातून पडलेला नाही.

वाटेतली निवड म्हणजे काय ते पण सांगतो, कारण ते इथे लागू आहे. पेरिडोटाइटमधलं निकेल मुख्यतः ऑलिव्हिनमधे, ऑलिव्हिनचं सर्पेंटाइन होतं, ते मऊ, ते बारीक होऊन चिखलात जातं. क्रोमियमचा मोठा वाटा क्रोम-स्पिनेल या खनिजामधे, ते कडक आणि जड, ते वाळूत राहतं. त्यामुळे एकाच नदीतल्या वाळूचं आणि चिखलाचं क्रोमियम-निकेल गुणोत्तर वेगळं येणार, आणि सिल्टी शेल आणि अगदी तेलकट बारीक शेल एका टेबलात मिसळून सरासरी काढली तर त्या सरासरीला अर्थ राहत नाही. दुसरीकडे वाळूत स्पिनेल राहतं याचा फायदाच आहे. स्पिनेलच्या एकेका दाण्याचं मायक्रोप्रोबवर (दाण्यावर इलेक्ट्रॉनचा झोत टाकून घटक मोजणाऱ्या यंत्रावर) विश्लेषण करता येतं आणि त्यात टायटॅनियम ऑक्साइड ०.२ टक्क्यांच्या खाली असेल तर दाणा बहुतेक मँटल पेरिडोटाइटचा, बराच वर असेल तर लाव्हातला. म्हणजे शेलने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शेजारच्या वाळूच्या थरात मिळतं. माझं ठाम मत आहे की क्रोमियमवर बोलणाऱ्या कुठल्याही शेलच्या अभ्यासात बाजूच्या वाळूतले दहा-वीस स्पिनेल बघितलेच पाहिजेत, त्याशिवाय पुढचं लिहू नये.

तिसरा संशयित कमी लोकांच्या लक्षात येतो. जम्मूकडे सुबाथूच्या तळाशी, सिरबन चुनखडकाच्या वर, चर्टचा (सिलिकाच्या कडक दगडाचा) ब्रेक्सिया, म्हणजे टोकदार तुकड्यांचा खडक, आणि बॉक्साइट आहे. म्हणजे समुद्र येण्याआधी तिथली जमीन बराच काळ उघडी पडून उष्ण दमट हवेत कुजत होती. अशा मातीत ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमबरोबर क्रोमियमही साठून राहतं, बाकीचं सगळं धुपून गेल्यामुळे. तळाच्या थरांतून सँपल घेतलं आणि क्रोमियम जास्त आलं तर ते या जुन्या मातीचंही असू शकतं. पण अशा मातीतून निकेल टिकून येईलच असं नसतं, आणि खनिजांत केओलिनाइट (खूप झिजलेल्या मातीतलं मृद्खनिज) भरपूर दिसायला हवं. म्हणून क्रोमियम एकटं वर असेल आणि निकेल नसेल तर ओफिओलाइटचं नाव घ्यायची घाई नको.

इथे खनिजांकडे वळू. एक्सआरडीवर (क्ष-किरणांनी खनिजं ओळखायच्या यंत्रावर) सुबाथू-डगशईच्या शेलमधे मुख्यतः इलाइट आणि क्लोराइट ही मृद्खनिजं, क्वार्ट्झ, आणि सुबाथूत कॅल्साइट. आता दख्खनचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. दख्खनच्या बसाल्टवर काळी माती होते आणि काळ्या मातीत स्मेक्टाइट हे फुगणारं मृद्खनिज, हे आपल्याला शेतातल्या भेगांवरून माहीत आहे. मग सुबाथूच्या शेलमधे स्मेक्टाइट नाही म्हणजे बसाल्ट नव्हता, असं म्हणता येईल का? येत नाही. हे थर पुढे खोल गाडले गेले, आणि साधारण ७० ते १५० अंश तापमानाच्या पट्ट्यात स्मेक्टाइट हळूहळू पोटॅशियम घेऊन इलाइट होतं. म्हणजे आज दिसणाऱ्या इलाइटपैकी किती डोंगरातून आलं आणि किती गाडल्यावर जागच्या जागी झालं हे एक्सआरडीच्या आलेखावरच्या नुसत्या शिखराच्या उंचीवरून सांगता येत नाही. इलाइटच्या १० ॲंगस्ट्रॉमच्या शिखराची रुंदी मोजून, म्हणजे क्यूब्लर इंडेक्स काढून, गाळ किती तापला याचा अंदाज येतो, आणि तो आधी काढायचा मग उगमाचं बोलायचं. जुन्या शेलमधे मृद्खनिजांवरून हवामान आणि उगम सरळ वाचणारे पेपर बघितले की मला खरंच वाईट वाटतं, मेहनत सगळी केलेली असते आणि ही एक पायरी गाळलेली असते.

अजून एक बारीक गोष्ट, एक्सआरडीवर बसणाऱ्यांसाठी. ७ ॲंगस्ट्रॉमचं शिखर दिसलं की केओलिनाइट लिहून टाकू नका, क्लोराइटचं दुसरं शिखर बरोब्बर तिथेच येतं. स्लाइड ५५० अंशाला तापवा, केओलिनाइट कोसळतं, क्लोराइटचं १४ चं शिखर उलट जास्त ठळक होतं. किंवा ३.५ च्या जवळ बघा, क्लोराइट ३.५४ ला आणि केओलिनाइट ३.५८ ला, हळू स्कॅन केलं तर दोन टोकं वेगळी पडतात. वर बॉक्साइटवाल्या मातीचा मुद्दा सांगितला तो सगळा या ०.०४ च्या फरकावर उभा आहे, म्हणून इतकं सांगतोय.

लॅबमधलं आणखी महत्त्वाचं म्हणजे दळण. क्रोमियमचा अभ्यास करायचा आणि सँपल क्रोम-स्टीलच्या मिलमधे दळायचं, हे होतं, आणि मग मोजलेल्या क्रोमियमपैकी खडकाचं किती आणि भांड्याचं किती हे कुणालाच सांगता येत नाही. टंगस्टन कार्बाइडची मिल घेतली तर क्रोमियम वाचतं पण टंगस्टन आणि कोबाल्ट गेलं. अगेटच्या खलात किंवा अगेट मिलमधे दळा, वेळ लागतो, लागू दे. दुसरं, आयसीपी-एमएससाठी (द्रावणातले घटक मोजायच्या यंत्रासाठी) हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिकमधे उघड्या बीकरमधे विरघळवलं तर स्पिनेल आणि झिरकॉन पूर्ण विरघळत नाहीत, तळाशी काळी पूड राहते, आणि क्रोमियम आणि झिरकोनियम दोन्ही कमी येतात. मग तोच माणूस लिहितो की ओफिओलाइटचा पुरावा नाही! लिथियम मेटाबोरेटबरोबर वितळवून घ्या किंवा एक्सआरएफच्या (क्ष-किरणांनी, न विरघळवता मोजलेल्या) आकड्याशी ताडून बघा. दोन पद्धतींत क्रोमियम जुळलं नाही तर तो आकडा वापरू नये.

हवामानाच्या झिजेचं माप म्हणून सीआयए (केमिकल इंडेक्स ऑफ ऑल्टरेशन) काढतात, नेसबिट आणि यंग यांनी १९८२ मधे दिलेलं. ॲल्युमिनियम ऑक्साइड भागिले ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम आणि पोटॅशियम ऑक्साइडची बेरीज, मोलमधे, गुणिले १००. ताज्या ग्रॅनाइटला ५० च्या आसपास, साध्या शेलला ७० ते ७५, शुद्ध केओलिनाइटला १००. पण यातलं कॅल्शियम फक्त सिलिकेटमधलं हवं. सुबाथूत न्यूम्युलाइट्सचा चुना, डगशईत जुन्या मातीतले चुन्याचे गोळे, म्हणजे दोन्हीकडे कॅल्साइट घुसलेलं, आणि ते न वगळता सीआयए काढलं तर झीजच झाली नाही असं उत्तर येईल. आधी पातळ ॲसिडने चुना काढा, नाहीतर मॅक्लेनन यांची युक्ती वापरा, फॉस्फेटचं कॅल्शियम वजा करून उरलेलं सोडियमपेक्षा जास्त भरलं तर सोडियमइतकंच धरायचं. आणि वर सांगितलेलं इलाइटीकरण पोटॅशियम वाढवतं, त्यामुळे ॲल्युमिनियम, कॅल्शियम-सोडियम आणि पोटॅशियमच्या त्रिकोणी आलेखावर बिंदू पोटॅशियमच्या कोपऱ्याकडे ओढलेले दिसले तर ती झीज नव्हे, गाडल्यानंतरची भर आहे.

आता टेक्टॉनिक सेटिंग, म्हणजे भूपट्टांच्या कुठल्या मांडणीत हे खोरं होतं ते. इथे माझा खरा आक्षेप आहे.

भाटिया यांनी १९८३ मधे आणि पुढे क्रुकबरोबर १९८६ मधे जे डायग्राम दिले, आणि त्याच वर्षी रोझर आणि कोर्श यांनी सिलिका विरुद्ध पोटॅशियम-सोडियम गुणोत्तराचा दिला, ते आपल्याकडे जवळपास प्रत्येक पेपरात असतात. भाटियांचे चार कप्पे आहेत: सागरी बेटांची कमान, खंडीय कमान, सक्रिय खंडकाठ, निष्क्रिय खंडकाठ. यात सुबाथू कुठे बसवणार? सुबाथू-डगशईचं खोरं हे फोरलँड आहे, डोंगराच्या वजनाने त्याच्या पुढ्यात वाकलेल्या जमिनीतलं. त्या चारांत फोरलँडचा कप्पाच नाही. बिंदू टाकले तर ते कुठेतरी पडणारच, सक्रिय काठावर पडतील किंवा निष्क्रिय काठावर, आणि मग मजकुरात लिहिलं जातं की खोरं निष्क्रिय काठावर होतं. पण शेलला खोऱ्याची जागा माहीत नसते, त्याला फक्त मूळ खडकाचं रसायन माहीत असतं. भारताच्या जुन्या निष्क्रिय काठावरचा गाळ उचलला जाऊन, घडी पडून, परत झिजून फोरलँडमधे आला तर तो निष्क्रिय काठासारखाच दिसणार. म्हणजे डायग्राम चूक नाही बोलत, आपण त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा आहे.

त्यात भाटियांचे आणि क्रुक यांचे कप्पे मुळात वाळूच्या खडकांवर बेतलेले. शेलमधे सिलिका कमी, पोटॅशियम जास्त, तेव्हा बिंदू आपोआप सरकणार. आर्मस्ट्राँग-आल्त्रिन आणि वर्मा यांनी २००५ मधे माहीत असलेल्या ठिकाणच्या गाळावर हे जुने डायग्राम तपासले तेव्हा त्यांचं यश फार कमी निघालं. त्यांनीच २०१३ मधे नवे दिले, जास्त सिलिका आणि कमी सिलिका असे दोन वेगळे, आणि कप्पे तीन: कमान, रिफ्ट, टक्कर. कमी सिलिकावाला शेलसाठी निदान विचारात घेता येतो आणि त्यात टक्करीचा कप्पा तरी आहे. तरीसुद्धा मी तो शेवटी लावेन, पुरावा म्हणून नाही, बाकीच्यांशी जुळतंय का ते बघायला.

टेक्टॉनिक सेटिंग खरं ठरतं ते एका वर एक असलेल्या थरांत रसायन कसं बदलतं त्यावरून, आणि वय सांगणाऱ्या कणांवरून. सुबाथूत ओफिओलाइटची खूण म्हणजे तेव्हा सांध्याकडचा पट्टा वर आलेला आणि त्याचा गाळ भारताच्या काठावर पोचत होता, अर्थात टक्कर सुरू झालेली. झंस्करमधेही इओसीनच्या थरांत क्रोम-स्पिनेल सापडतं, तेव्हा दोन्ही बाजू जुळतात. निओडिमियमही हेच सांगतं. उच्च हिमालयाच्या खडकांचं एप्सिलॉन निओडिमियम (निओडिमियमच्या समस्थानिकांचं माप, जुन्या खंडीय खडकांत ते ऋण असतं) उणे १५ च्या आसपास, लेसर हिमालयाच्या जुन्या भागाचं अजून खाली, उणे २० च्याही पलीकडे, आणि कमान-ओफिओलाइटचं शून्याच्या वर. सुबाथूच्या शेलचं मूल्य डगशईपेक्षा कमी ऋण आहे, म्हणजे तरुण मँटलजन्य साहित्याची भेसळ, आणि डगशईचं उच्च हिमालयाच्या मूल्याला जाऊन भिडतं. शिवाय डगशईतल्या पांढऱ्या अभ्रकाच्या सुट्ट्या कणांचं आर्गॉन-आर्गॉन वय (म्हणजे कण थंड झाला तेव्हाचं) अगदी २.८ कोटी वर्षांपर्यंत खाली येतं, कसौलीत २.२ कोटींपर्यंत. म्हणजे मधल्या काळात खोलवर तापलेले खडक थंड होत वर येऊन झिजायला लागले. क्रोमियम उतरलं, अभ्रक आलं, निओडिमियम खाली गेलं, तीन वेगवेगळ्या मोजमापांनी एकच दिशा दाखवली. एवढं असल्यावर मी म्हणेन की ओफिओलाइटवाला निष्कर्ष उभा राहतो, आणि दख्खनचा बसाल्ट फार तर किरकोळ भेसळीपुरता.

मधे एक मोठी भेग मात्र आहे. सुबाथू ४.१ कोटींच्या आसपास संपते आणि डगशईतल्या झिरकॉनच्या फिशन-ट्रॅक वयांवरून (युरेनियम फुटून कणात पडलेल्या चऱ्या मोजून काढलेल्या) डगशई ३.१ कोटींपेक्षा तरुण ठरते, म्हणजे एक कोटीच्या आसपास वर्षांचा गाळ गायब. काही जणांना हे मान्य नाही, त्यांच्या मते समुद्रातून नदीकडचा बदल सलग आहे आणि मधला पांढरा क्वार्ट्झचा वाळूचा खडक हा त्या बदलातलाच किनारा. यात शेल मदत करू शकतो. सुबाथूच्या वरच्या टोकाला जे लाल शेल आहेत ते आणि पांढऱ्या वाळूच्या वरचे डगशईचे लाल मडस्टोन रंगाने फार वेगळे वाटत नाहीत. कालका-शिमला लाईनवरच्या कोटी नावाच्या स्टेशनजवळ कौशल्या नाल्यात हा बदल उघडा पडलेला आहे. तिथे पांढऱ्या थराच्या दोन्ही बाजूंनी जवळ जवळ अंतरावर, एकाच बारीकपणाचे लाल शेल उचलून, अगेटमधे दळून, वितळवून क्रोमियम, निकेल, थोरियम मोजायचं. क्रोमियम भागिले थोरियम पांढऱ्या थराखालीच पायरी पायरीने उतरत गेलेलं असेल तर सलग बदलवाल्यांच्या बाजूला वजन पडेल. पांढऱ्या थरापर्यंत ते चढंच राहिलं आणि त्याच्या वर एकदम खाली पडलं तर भेगवाल्यांच्या, फक्त त्या दोन्ही बाजूंच्या शेलचा क्यूब्लर इंडेक्स आणि चुन्याचं प्रमाण त्याच टेबलात शेजारी लिहिलेलं असलं पाहिजे.